सुंदराचा धवळा

किन्हवलीत देवजीच्या मांडवात सुंदरा शिरली तशा बायका सरकल्या. जागा द्यायला नाही, अंग चोरायला.

पाटावर नवरदेव हितेश उघड्या अंगानं बसलेला, वाटीत हळद कालवलेली. त्याची आई रंभा आडवी आली. "तू बाहेर बस गो. चहा पाठवते. धवळा आमी साऊंडवर लावतोय."

या मांडवातल्या निम्म्या बायकांच्या हळदीत धवळा, देव-पूर्वजांना बोलावणारं लग्नगीत, सुंदरानंच गायलेला.

"मग साऊंडलाच विचार, देवजीच्या आजीचं नाव काय," सुंदरा म्हणाली. "पूर्वजांना नावानं आवतण नको काय?"

देवजी, नवरदेवाचा बाप, खांबाला टेकून खाली बघत राहिला.

"आधी एचआयव्ही, त्याच्यावर कॅन्सर," रंभा म्हणाली. "भोग गो तुझे. पण माझ्या पोराची हळद हाय."

"भोग नाय, रोग हाय. एचआयव्हीनं अंगातली राखण ढिली केली. गोळ्या उशिरा लागल्या मला. तवर दुसराच विषाणू गर्भपिशवीच्या तोंडाशी ठाण मांडून बसला. तो तुमच्यात पण येतो, कुणाच्याही नवऱ्याकडून."

कुणीतरी खोकलं.

"तुमचं अंग त्याला बहुतेक वेळा हाकलतं. माझ्याला नाय जमलं, त्याचीच गाठ झाली. डॉक्टरनं काढली, वर मशीनचे शेक दिले. परवा तपासून म्हणाला, काय उरलं नाय. आता सांग, माझ्या हातानं हळद कशी नासते?"

रंभानं साऊंडवाल्याला लावायची खूण केली. दया येऊन गप्प बसणाऱ्यांतली ती नव्हे.

"गाऊ दे तिला," देवजी म्हणाला. "माझी आजी बिनबोलावता नाय यायची."

सुंदरा पाटाशेजारी बसली. तिनं ओळ टाकायची आणि बायकांनी तीच ओळ, जशीच्या तशी, उचलायची, ही धवळ्याची रीत. मधेच तुटला तर नवरदेवाला अपशकून. तिनं गावदेवीला बोलावलं, बायकांनी उचललं. नदीला बोलावलं, देवजीच्या आजीला बोलावलं. आवाज चढला. हितेशच्या खांद्यांना हळद लागू लागली.

मग त्याच चालीत सुंदरानं पुढची ओळ टाकली.

"एचआयव्हीची सुंदरा गो, कॅन्सर मारून आली."

ओळ कुणी उचलली नाही. पाणवठ्यावर तिच्या नावानं एचआयव्ही हाच शब्द चघळताना ज्या थकल्या नव्हत्या, त्याच बाया आता जमिनीकडे बघत बसल्या. सुंदरा थांबली. घाई तिला नव्हती. हितेश आईकडे बघत होता.

रंभानं पदर सावरला. ओळ तिनं उचलली, आधी दातांतल्या दातांत, मग पुऱ्या गळ्यानं. एक शब्द गाळला नाही. तिच्यामागून सगळा मांडव गायला लागला, एवढ्या मोठ्यानं, की थांब्यावर बसची वाट बघणारी माणसं वळून बघू लागली.