थांबलेली ओहोटी

"जीव जाईल कसा?" बाबांच्या अंथरुणाशी बसलेली आई म्हणाली. "आपल्याकडे माणूस ओहोटीबरोबर जातो. तुझा आजा तसाच गेला, आजी तशीच गेली. तू ओहोटीच बंद केलीस, बये."

सुलभा खारवीने बाबांचे ओठ ओल्या बोळ्याने टिपले. खाडीच्या मुखावरचे दरवाजे तिच्याच हाताखाली चालत. ते बसवल्यापासून पाणी कायम एकाच पातळीवर उभं असे आणि काठावरचं एकही घर बुडत नसे. पण बाबांना चार दिवस घरघर लागली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते, तरी प्राण निघत नव्हता.

"आये, असलं काही नसतं गं," ती म्हणाली. पण बाबांची तगमग तिला बघवेना. शेवटी तिने दरवाजांच्या नियंत्रण केंद्रावर फोन लावला, "दरवाजे उघडा. जबाबदारी माझी."

पाणी उतरू लागलं. दुपारपर्यंत खडक उघडे पडले आणि कित्येक वर्षांनी चिखलाचा खारट वास घरात शिरला. आईने तुळशीपत्र हातात घेतलं.

बाबांच्या नाकपुड्या हलल्या. त्यांनी डोळे उघडले.

"सुकती लागली?" ते पुटपुटले. "ओहोटी आली, मग बसलात काय दोघी? कालवं काढायला जा. रस्सा कर तिखट."

आई तुळशीपत्र तसंच मुठीत धरून टोपली शोधायला धावली.

तेवढ्यात केंद्रावरून फोन आला, "मॅडम, दरवाजे बंद करू?"

"आयेची टोपली भरू दे," सुलभा म्हणाली. "आणि उद्या परत उघडायचेत."