इथे मायनस का?

"सर्किट शिकवायला सिनेमा कशाला लागतो?" असं म्हणत विभागप्रमुखांनी वर्षभर नव्या मॅडमच्या व्हिडिओंची टर उडवली. मुलं मात्र तेच बघून गणितं सोडवायला लागली. तपासणी समिती आली, तेव्हा प्रमुखांनी ते व्हिडिओ पडद्यावर लावले आणि खुशाल सांगितलं, "सगळे मीच बनवलेत."

लॅपटॉपपाशी बसलेल्या मॅडमच्या अंगाचा तिळपापड झाला.

समितीतल्या बाईंनी विचारलं, "सर, इथला करंट मायनसमध्ये का आला?"

प्रमुखांनी पडद्याकडे पाहिलं, घसा खाकरला, कपाळ पुसलं. मग मॅडमवर खेकसले, "अहो, आवाज सुरू करा ना! सगळं सांगितलंय त्यात."

मॅडमनी लगेच सुरू केला. खोलीभर त्यांचाच आवाज घुमला, "मुलांनो, सोपं आहे. आपण सुरुवातीलाच दिशा उलटी धरली होती."