शेवटच्या देवळाच्या पायथ्याशी

विहीणबाईंच्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलं नव्हतं. चारदा लिहायला घेतलं, चारदा फाडलं. पत्र साधंच होतं. माझी मुलगी पाच वर्षं तुमच्या मुलाची वाट बघतेय. तिला चांगलं स्थळ आलंय. तो मिळणार नसेल तर तिला तसं सांगा आणि मोकळी करा.

सांगणं काही त्यांना जमलं नाही. उलट सुनेनंच त्यांना मोटारसायकलवर मागे बसवलं आणि शोधायला बाहेर काढलं. गाडी मुलाची. नाहीसा होण्याआधी तो दर महिन्याला या जुन्या देवळांचे फोटो काढायला इकडे यायचा. शेवटच्या खेपेला गाडी घरी ठेवून बसनं गेला, तो गेलाच.

"बाबा, वळणावर तुम्ही उलटे कलता," सून ओरडली. "मी गाडी एकीकडे नेते, तुम्ही दुसरीकडे."

"कललो नाही. डुलकी लागली."

"मग पडा खाली. म्हणजे मी दोघांना शोधत फिरते."

देवळामागून देवळं झाली. कुठे कळस ढासळलेला, कुठे खांबावरच्या नर्तकींना नाकंच उरलेली नाहीत. सगळीकडे सून पुढे होऊन फोटो दाखवायची आणि लोक नकारार्थी माना हलवायचे. ग्रंथपाल मागे राहून शिलालेख वाचल्यासारखं करायचे. परक्या माणसाला काही विचारायचं म्हटलं की त्यांना संकोच वाटे.

शेवटच्या देवळाच्या पायथ्याशी गाडीची साखळी उतरली. सून बाह्या सारून खाली बसली.

"आता तुम्हीच जा वर. दोन शब्द विचारायचेत, भाषण नाही द्यायचं."

पायऱ्या चढताना त्यांनी वाक्य घोकलं. तिकिटाच्या खिडकीत एक दाढीवाला मान खाली घालून तिकिटं फाडत होता.

"अहो, हा माझा मुलगा..." त्यांनी फोटो पुढे सरकवला.

तिकीटवाल्यानं वर पाहिलं. ग्रंथपाल घोकलेलं पुढचं वाक्य विसरले. त्यांचं नेहमी असंच व्हायचं.

तिकीटवाला फोटोकडे बघत राहिला. मग खिडकी लावून बाहेर आला, त्यांना सावलीत ओट्यावर बसवलं, पाणी दिलं.

"बरोबर कोण आहे?"

"सून. खाली साखळी चढवतेय."

"तिला गाडी येते?"

"शिकली. शोधायचं म्हणून."

तेवढ्यात एक बाई जेवणाचा डबा घेऊन आली. कडेवर छोटी मुलगी. मुलीनं ग्रंथपालांच्या चष्म्याला हात घातला. त्यांनी घालू दिला.

"एकच?" त्यांनी तिकीटवाल्याला विचारलं.

"मोठा शाळेत जातो. दुसरीत आहे."

बाई डबा ठेवून गेली. ग्रंथपालांनी फोटो खिशात ठेवला.

"तू तरी सांग," ते शेवटी म्हणाले, "काय सांगू तिला?"

"गेला म्हणून सांगा. घाटात अपघात झाला. ओळख पटली नाही, गावानंच अग्नी दिला. होतं इथे असं."

"खोटं सांगू?"

"नाहीतर शोधता शोधता म्हातारी होईल ती."

"आणि जिवंत असला तर?"

"असला तरी परत यायचा नाही."

खाली साखळी चढली होती. ग्रंथपालांनी ठरलं तेवढंच सांगितलं. सून हातातल्या पान्याकडे बघत राहिली.

"नीट विचारलंत ना? की लाजलात?"

"विचारलं."

"त्यानं फोटो ओळखला?"

"बघताक्षणी."

"मी एकदा वर जाऊन येते. त्याच्याच तोंडून ऐकते."

ग्रंथपालांनी तिचा मनगटापर्यंत काळा झालेला हात घट्ट धरला. "नको, पोरी. खिडकी बंद झाली."

ती रडली नाही. पाना फडक्यात गुंडाळला आणि किक मारली. परतीच्या वळणांवर ते कसे कलले, याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही.

गावात ती पेट्रोल भरत होती तेव्हा त्यांनी समोरच्या पोस्टातून कार्ड घेतलं आणि उभ्याउभ्याच लिहिलं: 'मुलगा गेला. स्थळाला होकार कळवा. तुमच्या मुलीला मी स्वतः आणून सोडतो.'

या खेपेला त्यांनी फाडलं नाही. दुसरीतला थोरला नातू एव्हाना शाळेतून घरी आला असेल, असा विचार करत त्यांनी कार्ड पेटीत टाकलं.