बेटावरचं पाणी

तिथं गोड पाणी मिळतं का, असं अहल्याबाईंनी विचारलं आणि विश्वासराव खुलले. मिळतं म्हणजे काय, ते म्हणाले, नुसतं वाहून जातं. अंदमानात डोंगर समुद्रातूनच उठलेत. काठाला तिवरांची दाटी, तिथून पार माथ्यापर्यंत जंगल, आणि वर्षातला बराचसा काळ पाऊस. जाल तिथं झरा.

अहल्याबाईंचा मुलगा बिंदुमाधव विश्वासरावांच्याच सर्वेक्षणाच्या तुकडीत होता. गेल्या वर्षी, एकोणीसशे सत्तावन्न साली, एका बेटाजवळ त्याची होडी उलटली. बरोबरच्या दोघांचे देह किनाऱ्याला लागले, त्यांचे अंत्यविधी झाले. बिंदू सापडला नाही. आता शोध थांबला होता. ते जंगल राखीव, बाहेरच्या माणसानं तिथं पुन्हा पाय ठेवायचा नाही. हे सांगायलाच विश्वासराव मद्रासला बोटीतून उतरून, पुढं रेल्वेनं बसवनगुडीतल्या या कानडी घरी आले होते. पण आवडीच्या गोष्टीबद्दल कुणी विचारलं की माणसाची जीभ सुटते.

खायला काय मिळतं, बाईंनी विचारलं. केवड्याची फणसाएवढी फळं, मध, मासे. मासे आम्हांला चालत नाहीत, त्या म्हणाल्या, पण फळं पुरे झाली. आणि वाघ? वाघ नाही, अस्वल नाही, कोल्हासुद्धा नाही. दर उत्तरागणिक त्यांचा चेहरा उजळत गेला.

बाहेर कट्ट्यावर पुरोहित भीमाचार्य पळसाची पानं घेऊन सकाळपासून बसले होते. देह मिळाला नाही तर पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे गेलेल्याला वाट मिळते. पण बाई होकार देत नव्हत्या. मुलाच्या वाट्याचं ताट रोज वाढायचं, ते निवेपर्यंत थांबायचं आणि मग त्यातलेच चार घास खायचे, असं त्यांचं चाललं होतं. हाडांचा सापळा राहिला होता नुसता.

"ऐकलंत?" त्या नवऱ्याला, जयतीर्थांना, म्हणाल्या. "पाणी आहे, फळं आहेत. जित्या पोराला जाळता काय?"

जयतीर्थांनी पाहुण्याला परसात नेलं. आयुष्यभर मुलांना संस्कृत शिकवलेला तो ताठ माणूस विश्वासरावांच्या पायाशी वाकू लागला. पोरगा तर गेलाच, म्हणाले, आता हीही जाईल. एकदाच खोटं बोला. विश्वासरावांनी त्यांना धरलं. ज्या जंगलाला त्यांनी जीव लावला त्याची बदनामी करायची होती, आणि दुसरं काही सुचत नव्हतं.

आत येऊन ते खाली बघत बोलले. "अक्का, मघाचं मी मोठ्या बेटाचं सांगितलं. बिंदूची होडी उलटली तिथलं बेट लहान आहे. तिथं डोंगर नाही, झरा नाही. चहूकडे खारं पाणी."

"मोठ्या बेटावर पोहून जाता येत नाही काय?"

"नाही. मध्ये ओढ फार आहे."

"सरी, ठीक आहे," बाई म्हणाल्या आणि उठून त्यांनी भीमाचार्यांना आत बोलावलं. जयतीर्थांना रडू फुटलं. दुःखाबरोबर सुटकाही होती त्यात. विश्वासरावांनाही हलकं वाटलं. बिंदू त्याच दिवशी बुडाला असणार याबद्दल त्यांना स्वतःला कधीच शंका नव्हती. बाईला एकदाचं कळलं, बरं झालं, असं त्यांच्या मनात आलं.

पुतळा बांधला गेला. वडिलांनी त्याला धोतर नेसवलं. स्मशानात नेऊन अग्नी दिला आणि सगळे परतले. परसात तिलांजलीची तयारी झाली. जयतीर्थांच्या ओंजळीत भीमाचार्यांनी तीळ घातले, वर तांब्यातून पाण्याची बारीक धार धरली.

अहल्याबाई दारात उभ्या होत्या. डोळे कोरडे होते.

"आचार्य," त्या म्हणाल्या, "स्वल्प जास्त घाला ना पाणी. पोर तहानेनं गेलंय माझं."