टेस्टर

"दुधाचे दात पडेपर्यंत आम्ही अक्षरं शिकवत नाही," नव्या शाळेच्या बाई म्हणाल्या होत्या. "तोवर मुलाचा आत्मा देहात पुरता उतरलेला नसतो, असं आम्ही मानतो."

शाळा बघून वायरमन बायको-पोरीसह घरी आला. वायरमनच्या धंद्यात न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवावाच लागतो, पण आधी टेस्टर लावून, त्यातला दिवा लागतो का ते बघून. दारात पोरगी बूट काढत बसली, तसं तो बायकोला म्हणाला,

"बागकाम, सुतारकाम, गाणी, सगळं मान्य. पण हा आत्मा मध्येच कुठून आला?"

"तुम्ही नका मानू," बायको म्हणाली. "जुन्या शाळेत पोरगी तोंड उघडत नव्हती. आज तिथे हसली, तेवढं बघा."

"पण कोणात काय उतरलंय, हे त्या बाई ओळखणार कशा? टेस्टर लावून?"

बायकोला हसू फुटलं आणि वाद तिथेच राहिला.

थोड्या वेळाने तो कामावर निघाला, तर हत्यारांची पिशवी उघडी होती आणि टेस्टर जागेवर नव्हता. त्याने आधी मेन स्विच पाडला, मग पोरीला हाका मारत, प्लग न् प्लग बघत तो घरभर धावला.

ती कपाटाआड उभी होती. टेस्टरचं टोक छातीला टेकवलेलं आणि मागच्या टोपीवर बोट, अगदी त्याने शिकवलं होतं तसं.

"बाबा," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "दिवा लागतच नाहीये."