मऊ नळी

"वैष्णवी मॅडमना बोलावू का, सर?" मीना सिस्टरनी विचारलं.

"मी आहे ना इथे," डॉ. ज्ञानेश बोरस्ते म्हणाले.

समोर उबेच्या पाळण्यात अकराशे ग्रॅमची मुलगी होती. सकाळीच इगतपुरीहून आणलेली, अकरा आठवडे आधी जन्मलेली. प्रत्येक श्वासाला तिची छाती आत ओढली जात होती. इतक्या लवकर आलेल्या बाळाच्या फुप्फुसांतले बारीक बारीक फुगे श्वास सोडला की मिटतात आणि चिकटून बसतात. ते उघडे राहावेत म्हणून दुधासारखं पांढरं एक औषध थेट श्वासनलिकेत सोडावं लागतं. ते कोणत्या नळीने सोडावं, याची तुलना नाशिकच्या त्या रुग्णालयात वर्षभर चालू होती. एक मऊ नळी, एरवी बाळाला नाकातून दूध द्यायची. ती चिमट्यात धरून आत न्यावी लागे. दुसरी नवी, किंचित ताठ, चिमट्याशिवाय जाणारी. बंद पाकिटातून जिचं नाव निघेल ती वापरायची आणि किती प्रयत्न लागले ते त्या बाळाच्या कागदावर लिहायचं. उद्याच्या बैठकीत हे आकडे मांडले जाणार होते. जी नळी सरस ठरेल, तीच यापुढे सगळ्या बाळांना.

नवी नळी वैष्णवीने सुचवली होती. वैष्णवी त्यांचीच विद्यार्थिनी. सहा वर्षांपूर्वी तिचा हात थरथरायचा. तो त्यांनी स्वतः धरून स्थिर केला होता. आणि आता अवघड बाळ आलं की सिस्टरच्या तोंडी तिचं नाव. काचेबाहेर उभा असलेला मुलीचा बापसुद्धा मघाशी विचारून गेला होता, "त्या मॅडम नाय का आज? आमच्या पाव्हण्यांचं बाळ त्यांनीच वाचवलं म्हनं."

डॉक्टरांना याचा उलगडा होत नव्हता. कागदावर तर तेच पुढे होते. त्यांच्या मऊ नळीच्या अकरा बाळांपुढे ओळीने एक, एक, एक. वैष्णवीचे मऊ नळीचे आकडे दोन, तीन, तीन, दोन. तो तक्ता ते रोज एकदा उघडून बघत. बघितल्यावर चहा जरा गोड लागे.

त्यांनी पाकीट फोडलं. मऊ नळी.

घशात बघायचं दिव्याचं पातं त्यांनी बाळाच्या तोंडात घातलं. श्वासनलिकेचं तोंड दिसलं. नळी तिथवर गेली आणि वाकली. पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा सत्तरवर घसरला. त्यांनी पातं काढलं, मास्कने श्वास दिला, आकडा वर येईपर्यंत थांबले. पुन्हा पातं. नळी पुन्हा वाकली. तिसऱ्यांदा ती आत गेली. औषध थोडं थोडं करत उतरलं. आकडा ब्याण्णववर जाऊन थांबला आणि छातीचं ओढणं कमी झालं.

त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं : एक. नळी आत गेली तो प्रयत्न. वाकून परत आली ते नुसतं बघणं. पहिल्या बाळापासून त्यांनी असंच ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात वैष्णवी आली. तिने आधी बाळ बघितलं, मग कागद.

"आजही एकदाच?"

"हात बसावा लागतो. तुझे तीन-तीन कसे होतात गं?"

"मी तुम्ही शिकवलंत तसं मोजते, सर. पातं तोंडात गेलं की एक. कारण बाळाला तेवढ्या वेळा सोसावं लागतं." मग ॲप्रनच्या खिशातून तिने घडी केलेला कागद काढला. "हे उद्या वाचणार आहे. नवी नळी घेण्याची गरज नाही, असं लिहिलंय. तुमचे आकडे बघितले आणि कळलं, दोष मऊ नळीत नाही, माझ्या हातात आहे." ती मीना सिस्टरकडे वळली. "आणि अवघड बाळ असलं तर मला नका बोलावू, सिस्टर. सरांनाच बोलवा."

वर्षभर त्यांना नेमकं हेच ऐकायचं होतं. त्यांनी पाळण्याकडे बघितलं. पाळण्यातली मुलगी शांत झोपली होती. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात पातं घासल्याची लाल रेघ उमटली होती.

ते खुर्चीत बसले. 'एक' खोडला. शेजारी 'तीन' लिहिलं आणि वैष्णवीला वाचता येईल असा कागद फिरवून ठेवला. ती एकदा कागदाकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली.

"तो तुझा कागद फाडून टाक," ते म्हणाले. "सिस्टर, माझे मागचे अकराही कागद आणा. किती आठवतंय बघू."

मीना सिस्टरनी ते आणून त्यांच्यापुढे ठेवले, सगळे उलटे. प्रत्येकाच्या पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने सिस्टरच्या बारीक अक्षरात खरा आकडा लिहिलेला होता.