चार बोटं माया

“पोट आत घ्या, काका.”

“घेतलंय.”

“हे घेतलेलं आहे?”

टाचणीबाईंनी ओठांत धरलेल्या दोन टाचण्या काढून मनगटावरच्या गादीत खुपसल्या. आरशासमोर काका श्वास रोखून लालबुंद झाले होते. निळ्या बंदगळ्याचं मधलं बटण काजापासून चार बोटं लांब राहिलं होतं.

समारंभाला कुणी काय घालायचं हे ठरवून देणं हा टाचणीबाईंचा धंदा. तोंडात सदा टाचण्या, आणि टाचण्या नसल्या तरी बोलणं टोचणारं, म्हणून हे नाव. शंभर किलोच्या नवरदेवाला त्यांनी शेरवानीत बसवलं होतं, एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या विहिणींना एका रंगात उभं केलं होतं. पण हे काका म्हणजे हलवता न हलणारा खांब.

“नवा शिवू या ना. गडद हिरवा, खाली सरळ पँट, एका खांद्यावर शाल. पोरीच्या लेहंग्याशेजारी असे उठून दिसाल की लोक जावयाला विसरतील.”

“हाच घालणार.”

“बाबा, तो होत नाहीये,” मुलगी म्हणाली. तिचं रिसेप्शन दोन आठवड्यांवर आलं होतं.

“मग मी मागे बसेन, शर्टात. स्टेजवर तुम्ही दोघं उभे राहा. माझं काय काम तिथे?”

“काका, बगलेखाली दुसरं कापड जोडलं तर...”

“या कोटाला ठिगळ लागणार नाही.”

संपला विषय. काकांनी कोट उतरवला, शिवणीवर शिवण ठेवून घडी घातली आणि दुकानाबाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

“आईनं शिवलाय तो,” मुलगी हळूच म्हणाली. “मी दहावीत होते. कापड आवडलं म्हणून तेव्हाच शिवून ठेवला. म्हणायची, ठमीच्या लग्नात घालायचा. पुढच्याच वर्षी ती गेली.”

“शिवणकाम करायची?”

“अख्ख्या गल्लीचे ब्लाउज तिच्याकडे! आठवडाभर मापं घ्यायची आणि गप्पा हाणायची. शिवायची फक्त रविवारी, दार लावून. आम्हाला आत जायची बंदी. बाबा तेवढे कोपऱ्यात रेडिओ ऐकत बसायचे.”

“नशीबवान गं तुझी आई. आमचे हे रविवारी घोरत पडतात, तो आवाज मशीनहून मोठा.”

मुलगी हसली, पण हसता हसताच तिचा चेहरा पडला. “मावशी, बाबा शेजारी नसतील ना, तर मला नकोच ते स्टेज.”

टाचणीबाईंनी कोट उलटा केला. पुढे माणूस सुटला तर शिवण सैल करता यावी म्हणून आत जादा कापड ठेवतात. शिवणाऱ्यांच्या भाषेत त्याला माया म्हणतात. इथे ती जेमतेम अर्धा इंच होती.

“एवढ्यात तर जेवणाआधीचं पोटही मावायचं नाही,” त्या पुटपुटल्या. मग अचानक त्यांचे डोळे चमकले. शाळेत बाईंच्या खुर्चीला डिंक लावताना चमकायचे, अगदी तसे. “ठमे, आईच्या अक्षरातलं काही आहे घरी?”

दुसऱ्या दिवशी मुलीनं आईची जुनी वही आणून दिली. टाचणीबाईंनी कोटाच्या आतल्या पट्टीतून त्याच कापडाचे दोन तुकडे काढले, पट्टीच्या जागी अस्तर लावलं. तुकडे दोन्ही बगलांखाली जोडले, आत दुमडले आणि शिवण जुन्याच भोकांतून पुन्हा घातली. पांढरा दोरा चहात बुडवून म्हातारा केला. त्या दोऱ्यानं, वहीतलं अक्षर गिरवत, आत एक ओळ भरली.

आठ दिवसांनी काकांना “शेवटचं बघून घेऊ” म्हणून बोलावलं.

“अगंबाई!” टाचणीबाई किंचाळल्या. “काका, हे बघा! इथे तर भरपूर माया आहे. दोन्हीकडे दोन-दोन बोटं! मेले माझे डोळेच फुटले होते.”

काका उठले. कोट हातात घेतला, शिवणीवरून नख फिरवलं. टाचणीबाईंच्या हातातलं ब्लेड मागून घेतलं. आयुष्यभर पोस्टात शिक्के मारलेला माणूस, पण कापडाला ओरखडासुद्धा न उमटवता त्यांनी शिवण उसवली.

आतली ओळ उघडी पडली. ‘सुटलं ना पोट? माहीत होतं मला!’

काका बघतच राहिले. मुलीनं ओढणीचं टोक चावायला घेतलं. टाचणीबाईंना वाटलं, मेलो, पकडले गेलो.

“अक्षर तिचंच,” काका म्हणाले. आणि हसायला लागले. पोट गदगदून हललं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी हसणं थांबेना. “बघ ठमे, तुझी आई किती पुढचं बघायची!”

तासाभरात कोट अंगात गेला. बटण असं लागलं की श्वास घेऊनही जागा उरली. टाचणीबाईंनी खांद्यावर शाल टाकली, लेहंग्याच्या उरलेल्या काठाचा रुमाल खिशात खोचला.

“येणार ना स्टेजवर?” मुलीनं विचारलं.

“हिनं एवढी सोय करून ठेवलीय, म्हटल्यावर यायलाच हवं.”

मुलगी त्यांच्या गळ्यात पडली आणि मग होणाऱ्या नवऱ्याला फोन करायला बाहेर पळाली.

काका आरशासमोरच उभे होते. बगलेखालच्या जोडावरून त्यांनी अंगठा फिरवला.

“हात फार सुबक आहे हो तुमचा, बाई. जुन्याच भोकांतून घातलीत शिवण.”

टाचणीबाईंच्या ओठांतली टाचणी खाली पडली.

“पोरीला कळू देऊ नका,” काका दाराकडे बघत म्हणाले. “तिच्या आईला सुईत दोरासुद्धा ओवता यायचा नाही. आणि त्या रविवारी कापड कमी पडलं होतं, म्हणून माया मी अर्धा इंचच ठेवली होती.”